पिशोरचा पंचनामा

त्यांनी मला नापास केलं, तिथून आमची ओळख.

मला एक कुत्रा हवा होता, एवढीच गोष्ट. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यावरून आत वळलं की प्राण्यांचा एक निवारा आहे. गाडीखाली आलेली, पोत्यात घालून सोडून दिलेली, म्हातारी झाली म्हणून घराबाहेर काढलेली कुत्री तिथे ठेवतात. मी तिथे जाऊन फॉर्म भरला, त्यावर आमच्या सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा पत्ता लिहिला आणि घरी येऊन कुत्र्याचं नाव काय ठेवायचं यावरून नवऱ्याशी भांडायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेला एक उंच, हाडकुळा माणूस उभा. खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची काळी बॅग. "तपासणी," एवढंच म्हणाले आणि चपला काढून आत आले. मला वाटलं, गॅसवाले असतील.

पण ते स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. चपलांच्या स्टँडपुढे वाकून त्यांनी चपला मोजल्या. दाराच्या आतल्या कडीला बोट लावलं. मग सरळ गॅलरीत गेले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले.

"सुट्टीत गावाला जाता?"

"दिवाळीत जातो. आणि मे महिन्यात पंधरा दिवस."

"चावी कुणाकडं?"

"कुणाकडे म्हणजे? आमच्याकडेच असते."

त्यांनी कुंड्यांकडे बोट केलं. सहा कुंड्या होत्या. त्यातल्या चारांत माती होती आणि मातीत काड्या होत्या. "हे झाड ओरडत नाय, म्हणून वाळलं," ते म्हणाले. "कुत्रं ओरडंल. मग शेजारी ओरडतील. मग तुम्ही कुत्र्याला ओरडाल. नापास." आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी माझ्या फॉर्मवर एक आडवी रेघ मारली. पाणी विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, इतका राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत निवाऱ्यात गेले. तिथल्या डॉक्टर ताई हसल्या. म्हणाल्या, "ते चेकर साहेब आहेत. एसटीत तिकीट तपासनीस होते. रिटायर झाल्यापासून आमच्याकडे घरं तपासतात. त्यांच्या नजरेतून कुणी सुटत नाही हो." तेवढ्यात साहेब मागून आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. म्हणाले, "कुत्रं न्यायला नापास झालात. इथं यायला नाय झालात."

आता मी झाडू का घेतला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक कारण मात्र पक्कं आठवतं. या माणसाला एकदा तरी चुकताना पकडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

निवाऱ्याला मदत कशी करायची याबद्दल त्यांचे स्वतःचे कायदे होते आणि ते भिंतीवर लिहिलेले नव्हते. चुकल्यावरच कळायचे. मी जुन्या चादरी नेल्या तर त्यांनी प्रत्येक चादर उन्हात धरून पाहिली आणि एक परत केली. ती दुलईची खोळ होती आणि तिला चेन होती. "चेन गिळतात. बटणं पण काढून आणायची." रद्दी नेली तर चकचकीत पुरवण्या बाजूला काढल्या, कारण तो कागद ओल शोषत नाही. बिस्किटांचे पुडे नेले तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ते पर्समध्ये परत टाकले. त्यांचा सगळ्यात कडक कायदा वेळेचा होता. "आठवड्यात दोनच दिवस या, पण एकाच टायमाला या. कुत्रं वाट बघतं. वाट बघायला लावून आला नाय, तर ते काम मदतीचं नाय, नुकसानीचं." मी मंगळवार आणि शुक्रवार दुपारी तीन ही वेळ दिली. एका शुक्रवारी पावणेचारला पोचले, तर साहेब गेटवर घड्याळ बघत उभे होते. गाडी लेट झाल्यावर कंट्रोलर बघतो तसं बघितलं आणि गेट उघडलं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, पेशा होता, आणि पेशा रिटायर झालेला नव्हता. गाडीत चढल्यावर पहिल्या तीन सीटांवरून नजर फिरवली की कुणाकडे तिकीट नाही ते त्यांना कळायचं, असं ते सांगत. कसं, असं विचारलं तर म्हणत, "ज्याच्याकडं नसतं, तो कारण तयार ठेवतो. कारण तयार असलेला माणूस गप बसूच शकत नाय." कुत्रा निवाऱ्यात सोडायला येणारा माणूस 'आमची बदली झाली' म्हणाला की साहेब बदलीची ऑर्डर मागत. 'मुलाला दम्याचा त्रास आहे' म्हणाला की डॉक्टरांची चिठ्ठी मागत. बहुतेक लोक चिडून निघून जात आणि कुत्रा मात्र गेटला बांधलेला राहत असे. मग साहेब त्याला आत घेत, पाणी दाखवत आणि तो जिथून आला त्या गावाचं नाव त्याला देत. निवाऱ्यात गंगापूर नावाची दोन कुत्री होती, एक लासूर होता, एक वैजापूर होती. "गंगापूरला गोळी दिली का? लंगड्या गंगापूरला?" असं ओरडलं की बाहेरच्या माणसाला वाटायचं, इथे तालुक्यांची तब्येत बघतात. शहराला मात्र ते नुसतं 'सेंट्रल' म्हणायचे. शहर म्हणजे सेंट्रल बसस्टँड आणि त्याच्या आजूबाजूला जे काही उभं असेल ते.

एकदा मी त्यांना विचारलं, "साहेब, सगळ्यांवर एवढा संशय घेता, लोक दुखावतात."

ते पाण्याची टाकी घासत होते. घासता घासता म्हणाले, "मी खात्यात लागलो तेव्हा माझ्या आडनावावरून पहिल्या दिवशी माझ्यावर सगळ्यांनी संशय घेतला. याला जमंल का, याला येतं का. मी म्हटलं, ठीक हाय. आता मी पण सगळ्यांवर घेतो. पण सारखा घेतो. मोठा नाय, छोटा नाय, आपला नाय, परका नाय. माझ्या संशयात भेदभाव नाय, मॅडम." त्यांच्या फोनवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोन उचलला की ते आधी 'जय भीम' म्हणत. मग लगेच, 'कोण बोलतंय, आणि नंबर कुणी दिला?'

माझाही त्यांच्यावर संशय होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळ्या बॅगेत काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. ती कायम कुलूपबंद. एकदा निवाऱ्यात एक पिवळाधमक लॅब्रेडोर आला आणि आठवडाभरात दिसेनासा झाला. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "पाठवला." कुठे, ते नाही. मी लगेच हिशेब मांडला. असा कुत्रा बाजारात चांगल्या भावाने जातो, म्हातारा एकटा राहतो, बॅग कायम बंद. घरी नवऱ्याला मी ही सगळी कथा रंगवून सांगितली. तो म्हणाला, तुला कुत्रा मिळाला नाही म्हणून तू असं बोलतेस. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी मी त्यांच्याबरोबर घर तपासणीला जायचं ठरवलं. त्यांना सांगितलं, मला शिकायचंय. त्यांना ते पटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी हो म्हणाले, कारण त्यांनाही दुसरा माणूस हवाच होता. "एकट्यानं केलेली तपासणी म्हणजे आरोप. दोघांनी केली की पंचनामा." तर मी पंच झाले. पहिल्याच दिवशी आम्ही लाल गाडीने गंगापूरकडे गेलो आणि एका उसाच्या मळ्यावर मला तो लॅब्रेडोर दिसला. विहिरीच्या कठड्यावर चिखलाने माखून बसला होता आणि मळ्यातली म्हातारी त्याला शिव्या देत भाकरी टाकत होती. साहेबांनी बॅगेचं कुलूप काढलं. मी मान लांब करून बघितलं. आत फॉर्मची फाईल, शिंप्याचा मोजपट्टीचा टेप आणि कडुलिंबाची पानं होती. टेपने त्यांनी कुत्र्याचा दोर मोजला. पान मात्र त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून पाण्याच्या घमेल्यात टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"परवा परत यायचं. पान तिथंच असलं, तर पाणी बदललेलं नाय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. लॅब्रेडोर विकल्याची माझी कथा मी मनातल्या मनात मोडीत काढली. पण संशय एकदा लागला की सहज जात नाही. एका जागेवरून उठून तो दुसऱ्या जागी जाऊन बसतो. आता मला वाटायला लागलं की या माणसाला लोक वाईट निघालेलेच हवे असतात.

त्यांनी स्वतः कुत्रा का पाळला नाही, हे मी विचारलं होतं. त्यांनी फाईलमधून एक जुना फॉर्म काढून दाखवला. वर त्यांचंच नाव होतं. सगळे रकाने नीट भरलेले होते. एकटा राहतो. वय जास्त. छातीत दुखतं. खाली तपासनिसाची सही, तीही त्यांचीच, आणि मधून लाल रेघ. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले आणि फॉर्म परत ठेवला. हे सांगताना ते हसले असते तर बरं झालं असतं.

आता पिशोरबद्दल.

पिशोर ही तपकिरी रंगाची, एक कान अर्धा असलेली कुत्री होती. पिशोरच्या बाजारात कुणीतरी तिच्यावर उकळतं पाणी टाकलं होतं. पुरुषाचा आवाज ऐकला की ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावायची. दोन वर्षं तिला कुणी नेली नाही. साहेब रोज दुपारी तिच्या पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून तिच्याकडे पाठ करून बसत आणि एकाच सुरात गाडीचे थांबे म्हणत. सेंट्रल, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, हतनूर, कन्नड, पिशोर. मग परतीची गाडी. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण त्या एकसुरी आवाजाने ती हळूहळू भिंतीपासून सुटायला लागली. साहेब मागे न बघता, पायांच्या आवाजावरून अंदाज घ्यायचे आणि मला सांगायचे, "आज वेरूळपर्यंत आली." म्हणजे ते वेरूळला पोचले तेव्हा ती त्यांच्या पाठीशी आली. ज्या दिवशी तिने त्यांच्या शर्टाचा वास घेतला, त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. तेवढा एकच चहा.

त्या पिशोरला न्यायला खाला आल्या; गल्लीत सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. नवरा वारलेला, लेकी लग्न होऊन परगावी, आणि त्या शाळेचे गणवेश शिवून राहायच्या. अंगणात दोन बकऱ्या होत्या आणि त्यांच्या राखणीला त्यांना कुत्रा हवा होता. "घर में नहीं, साहब, अंगणात. पन अंगण मोठं हाय आमचं." त्या अर्धं दखनी आणि अर्धं मराठी बोलायच्या. साहेबांनी त्यांचं घर तपासलं. बकऱ्या पोसलेल्या होत्या. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल होतं. बकऱ्यांच्या घमेल्यातलं पान दुसऱ्या दिवशी सकाळीच गायब होतं. मी पंच झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत पास झालेलं ते एकच घर. पिशोर गेली त्या दिवशी साहेब निवाऱ्याच्या मागे जाऊन बराच वेळ टाकी घासत होते, आणि टाकी तर मी सकाळीच घासली होती.

खाला तिला पिशोरी म्हणायला लागल्या. पहिल्या दोन्ही तपासण्यांत सगळं ठीक होतं. तिसरी तपासणी अचानक असायची, आणि ती आली तेव्हा रमजान चालू होता.

आम्ही दुपारी पोचलो. ऊन तापायला लागलं होतं. पिशोर बाजेखाली पडलेली होती आणि तिच्या फासळ्या दिसत होत्या. पाणी ताजं होतं. जेवणाचं ताट मात्र धुऊन भिंतीला उपडं ठेवलेलं होतं, कोरडं ठणठणीत. साहेबांनी ते उचलून वास घेतला.

"किती वाजता खायला देता?"

"जब मैं खाती," खाला म्हणाल्या. त्या मशीनवर बाही जोडत होत्या.

"तुम्ही किती वाजता खाता?"

"अभी तो रोजे हैं ना, साहब. सुबह सहेरी, शाम को इफ्तार."

"रोजा तुमचा हाय. कुत्र्याचा नाय ना?"

खाला हसल्या. "वही तो. उसको कौन समझाए? मी घास घेतल्याशिवाय तोंडच लावत नाय ती. दुपारला ताट ठेवलं तर माझ्याकडं बघत बसते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला ती नजर ओळखीची होती. कारण तयार असलेल्या माणसाला ते तसंच बघायचे. पुढच्या तीन दिवसांत आम्ही आणखी दोनदा गेलो, एकदा अकराला आणि एकदा चारला. दोन्ही वेळा ताट धुतलेलं, कोरडं. साहेबांनी फाईल उघडली.

"तीस वर्षं मी कारणं ऐकली," ते मला बाहेर येऊन म्हणाले. "पाकीट मारलं, आई दवाखान्यात हाय, कंडक्टरनं दिलंच नाय. कुत्र्यानं रोजा धरला, हे पहिल्यांदा."

मला तेव्हा काय वाटलं ते खरंखरं सांगते. मला खालांचं म्हणणं खरं वाटलं होतं. पूर्ण नाही, अर्धंमुर्धं. त्या बोलताना शिवण थांबवत नव्हत्या, नजर चोरत नव्हत्या. खोटं बोलणाऱ्याचे हात असे चालत नाहीत, असं मला वाटलं. पण मी बोलले नाही. या माणसाला चुकताना पकडायचं म्हणून मी महिनोन् महिने त्यांच्यामागे फिरत होते, आणि चूक डोळ्यांपुढे होत होती तेव्हा मी पंच म्हणून सही केली. दोघांनी केली की पंचनामा. मला त्या सहीची आजही शरम वाटते.

साहेबांनी पिशोरच्या गळ्यात दोर घातला. गल्लीतली माणसं दारात आली. कुणीतरी विचारलं, क्या हुआ. साहेब मोठ्याने म्हणाले, "खायला देत नाहीत. जनावर परत नेतोय." खाला उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांच्या बोटाला टोपण होतं, शिवताना घालतात ते. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहब, गल्ली के सामने बोल दिए आप." पिशोर मागे वळून बघत रिक्षात चढली.

निवाऱ्यात आल्यावर साहेबांनी स्वतः तिला दूधभात कालवला. तिने बघितलंही नाही. "पोट आकसलंय उपाशी राहून," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंडं दिलं, मटणाचं पाणी दिलं. नाही. डॉक्टर ताईंनी तपासलं, ताप नव्हता, काही नव्हतं. त्यांनी सलाईन लावलं. साहेब स्टूल टाकून पाठ करून बसले आणि थांबे म्हणायला लागले. पिशोर जागची हलली नाही. ते तीनदा पिशोरला जाऊन परत सेंट्रलला आले. तिसऱ्या दिवशी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून दोन दिवस असंच राहिलं तर हिचं काही खरं नाही." मी साहेबांकडे गेले.

"साहेब, खाला म्हणत होत्या ते खरं असेल तर?"

"नसेल."

"पण असेल तर?"

त्यांनी पिशोरच्या न शिवलेल्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्हाला तेव्हाच वाटत होतं का?"

मी हो म्हणाले.

"मग सही का केली?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड झालं. माझ्याकडे त्या वेळी एकही कारण तयार नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी निवाऱ्याच्या गेटवर रिक्षा थांबली आणि खाला उतरल्या. बुरख्याच्या आत डबा धरला होता. दिवसभराचा रोजा, त्यात शहागंजपासून इथवर. साहेब गेटवर आडवे उभे राहिले. मला वाटलं, आता ते ऑर्डर मागतील, चिठ्ठी मागतील.

"मुझे कुत्ती नहीं चाहिए," खाला म्हणाल्या. "ती तुम्ही ठेवा. तुमचा कायदा तुमच्याजवळ. मला फक्त इथं बसून रोजा सोडू द्या. रोज येते मी. ईद तक आऊंगी. ती खाईल, मी जाईन."

साहेब बाजूला झाले. मी स्टूल आणून दिलं, पण खाला पिंजऱ्यापुढे खालीच बसल्या. पिशोर उठून गजाला येऊन टेकली. खालांनी तिच्यापुढे ताट ठेवलं, त्यात भाकरी कुस्करून घातली. पिशोरने ताटाकडे बघितलं नाही, खालांच्या तोंडाकडे बघितलं. अजून वेळ होता. आम्ही सगळे थांबलो होतो. ताई सलाईनची बाटली हातात घेऊन, मी भिंतीला टेकून, आणि साहेब घड्याळाकडे न बघता. ती तेवढी दहा-बारा मिनिटं मला फार जड गेली. पडेगावच्या बाजूने अजान ऐकू आली. खालांनी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात घातला.

पिशोरने मान खाली घातली आणि ती खायला लागली. सगळं खाल्लं. ताट चाटत चाटत गजापर्यंत सरकवलं.

खालांनी वर बघितलं. "अब यकीन आया, साहब?"

"तुमच्यावर आला, बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "माझ्यावरचा गेला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला परत नेलं. मला वाटलं होतं, गुपचूप सोडून येतील. पण त्यांनी रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबवली आणि पिशोरला घेऊन चालत निघाले. खालांच्या फाटकापुढे उभे राहून त्यांनी मागे वळून, दाराबाहेर आलेल्या सगळ्यांकडे बघून, गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात सांगितलं, "या बाई रोज खायला घालत होत्या. मी खोटं बोललो. चूक माझी हाय." मग माझ्याकडे बघितलं. मीही म्हणाले, "माझीही." खालांनी फाटक उघडलं आणि पिशोरच्या गळ्यातला दोर सोडून साहेबांच्या हातात दिला.

त्यानंतर साहेबांनी एकही घर तपासलं नाही. निवाऱ्यात येत राहिले, टाक्या घासत राहिले, नव्या घाबरलेल्या कुत्र्यांना पाठ करून गाड्या सांगत राहिले. कुणी बदलीचं कारण सांगितलं तर ते फक्त ऐकून घेत आणि ताईंकडे पाठवत. तो बदल मला आवडला असं म्हणवत नाही. ते असे गप्प झालेले बघून मला रडू यायचं. गेल्या वर्षी त्यांची लेक त्यांना नांदेडला घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी ती काळी बॅग माझ्याकडे दिली. कुलूप नव्हतं.

घरांच्या तपासण्या आता मी करते. फॉर्म तोच आहे, छापील. चावी कुणाकडे, सुट्टीत कुठे, दोर किती फूट. पण साहेबांनी प्रत्येक कोऱ्या फॉर्मच्या तळाशी, एकेकावर, स्वतःच्या हाताने निळ्या पेनने एक प्रश्न लिहून ठेवला होता. दोनशे तरी फॉर्म असतील. लोक तो प्रश्न वाचून माझ्याकडे संशयाने बघतात, कुत्र्याच्या फॉर्मवर हे कशाला म्हणून विचारतात. मी सांगत नाही. मी खाली बसते, पेन उघडते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

'घरातली माणसं किती वाजता जेवतात?'